वाटीपासून फणीपर्यंत: लहान लेकराचा वस्तूंशी खेळ, टप्प्याटप्प्यानं

घराघरांत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. लेकरू सात-आठ महिन्यांचं झालं की त्याच्या हातात बटण दाबल्यावर गाणारं, लुकलुकणारं खेळणं येतं, नाहीतर थेट मोबाइल. वाटी तोंडात घातली की "छी, घाण!" म्हणून ती काढून घेतली जाते. मग तेच लेकरू दीड वर्षाचं झालं की घरचे त्याच्यापुढे फणी धरतात आणि विचारतात, "हे काय आहे? सांग बरं." लेकरू नुसतं बघत राहतं. मधल्या वर्षभरात त्याच्या हातांनी जे करून पाहायचं होतं, ते झालेलंच नसतं.

लेकराला वस्तू कळण्याचा क्रम ठरलेला आहे. वस्तू हाताला-जिभेला कशी लागते, हे आधी कळतं. मग आपटली, हलवली, सोडली की तिचं काय होतं ते कळतं. त्यानंतर ती दुसऱ्या वस्तूत कशी जाते, आणि शेवटी ती कशासाठी असते. साधारणपणे ४ ते ८ महिन्यांत चव आणि स्पर्श, ६ ते १० महिन्यांत आपटणं-पाडणं, ९ ते १४ महिन्यांत काढणं-टाकणं, १२ ते १८ महिन्यांत खरा वापर, आणि १८ महिन्यांनंतर बाहुलीला भरवणं. महिने थोडे मागेपुढे होतात, क्रम सहसा बदलत नाही. लेकरू दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचं वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेल्या आठ महिन्यांच्या लेकराकडून सहा महिन्यांच्या लेकराचाच खेळ अपेक्षित धरा.

## १. जागा आणि वेळ

दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढं पुरतं. लेकराची झोप झालेली असावी, पोट भरलेलं असावं, लंगोट कोरडा असावा. भुकेलं लेकरू वस्तू फेकून देतं आणि घरच्यांना वाटतं, याला खेळायचंच नाही.

मार्च ते जून या महिन्यांत सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावरच बसवा. टिनाच्या छपराखाली भर दुपारी लेकरू फक्त किरकिर करतं. अंगणात राहिलेली स्टीलची वाटी तुमच्या राठ हाताला सोसते, त्याच्या ओठाला मात्र चटका बसतो. म्हणून धातूची प्रत्येक वस्तू आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

ओसरीत किंवा आतल्या खोलीत दुहेरी गोधडी टाका. सारवलेली जमीन चालते, फक्त ती पूर्ण वाळलेली हवी. टीव्ही बंद, मोबाइल दूर. दोन वर्षांखालच्या लेकराला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलं आहे. खेळाच्या वेळी तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही हातात नको, कारण आवाज आला की लेकराचे डोळे तिकडेच जातात.

सावध: चालू असलेल्या लोखंडी कुलरजवळ लेकराला कधीही बसवू नका. ओली जमीन, पत्र्याचं अंग आणि कुठंतरी सोललेली वायर, शॉक लागायला एवढं पुरतं. चूल, विळी आणि पाण्याचा हौदही चार-पाच पावलं दूर असू द्या.

## २. टोपली भरणं

बाजारातून काही आणायची गरज नाही. बुरडाकडची उथळ दुरडी घ्या, साधारण ३० ते ३५ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच. उंच टोपलीत लेकराला आतलं दिसत नाही आणि ते काठावर ओणवं होऊन तोल घालवतं. दुरडी आधी तपासा: कापसाचा बोळा आतून-बाहेरून सगळीकडे फिरवा. जिथं तंतू अडकला तिथं बांबूची कूस आहे. ती कापून टाका आणि काठावर जुन्या सुती कापडाची पट्टी शिवा.

टोपलीसाठी घरातूनच बारा वस्तू जमवा:

- धातूच्या तीन: स्टीलची वाटी, मोठा चमचा, लहान गडवा.
- लाकडाच्या दोन: लहान लाटणं, लाकडी पळी.
- कापडाच्या तीन: जुन्या लुगड्याचा रुमालाएवढा तुकडा, खरखरीत टॉवेलचा तुकडा, चिंध्या भरून घट्ट शिवलेला ६-७ सेंमीचा चेंडू.
- झाडावरच्या दोन: आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचा वीतभर तुकडा.
- उरलेल्या दोन: रुंद दातांची फणी आणि चहाची मोठी गाळणी.

एका वेळी टोपलीत पाच किंवा सहाच वस्तू ठेवा. बाराच्या बारा समोर ओतल्या की लेकरू एक उचलतं, टाकतं, दुसरी उचलतं, आणि कुठल्याच वस्तूशी अर्धा मिनिटही थांबत नाही. तीन-चार दिवसांनी दोन वस्तू बदला, बाकीच्या तशाच राहू द्या. ओळखीच्या वस्तूंमध्ये नवीन वस्तू आली की तिच्याकडे लक्ष जातं.

वस्तूंचं साहित्य वेगवेगळं हवं, यावर आमचा जोर आहे. दुकानातली दहा खेळणी रंगानं वेगळी असतात, हाताला आणि जिभेला सगळी सारखीच लागतात: हलकी, गुळगुळीत, बेचव. पितळी गडव्याचं वजन, करवंटीचा कोरडेपणा, टॉवेलचा खरखरीतपणा त्यांत मिळत नाही.

मोजून तपासा: तीन वर्षांखालच्या लेकराला अख्खी तोंडात मावेल अशी कोणतीही वस्तू नको. १० रुपयांचं नाणं २.७ सेंमी रुंद असतं. वस्तू त्याच्या निदान दीडपट, म्हणजे ४ सेंमी रुंद हवी, नाहीतर ६ सेंमीपेक्षा लांब हवी. गोल वस्तू आणि चेंडू मात्र ४.५ सेंमीपेक्षा मोठेच हवेत, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. दोरी कुठल्याही वस्तूला वितीपेक्षा लांब नको. पळीचा दांडा, लाटणं, चमचा या वस्तू बसूनच खेळायच्या. तोंडात चमचा धरून चालणारं लेकरू पडलं तर तो टाळूत घुसतो.

हे टोपलीत कधीच नको: चंद्रज्योतीच्या, एरंडीच्या, धोत्र्याच्या बिया आणि गुंजा. या विषारी आहेत, आणि चंद्रज्योतीच्या बिया तर शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून लेकरं त्या खातात. बिब्बा नको, त्याच्या तेलानं कातडी भाजते. गुलाबी-लाल रंग लावलेलं सोयाबीन किंवा सरकी नको, तो रंग बीजप्रक्रियेच्या औषधाचा असतो. फवारणीच्या औषधाची बाटली, तिचं टोपण, माप, खताची पिशवी ही कितीही धुतली तरी खेळायला द्यायची नाही. पन्नी, फुगा, काचेची बांगडी, सुटी बटणं नकोत. रिमोट आणि खेळण्यांतले चपटे गोल सेल गिळले तर दोन-तीन तासांत अन्ननलिका जाळू लागतात. तसा संशय जरी आला तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

घशात अडकलं तर: लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज, श्वास बंद झाला तर वर्षाच्या आतल्या लेकराला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं ५ थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब द्या. वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून हेच. वर्षावरच्या लेकराला पुढे वाकवून ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब. तोंडात न बघता बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा.

## ३. बसवणं

हा टप्पा सगळे गाळतात. लेकराचे हात तोल सावरण्यात गुंतले असतील तर ते वस्तूला हात घालणार कसं?

१. नीट बसत नसेल तर मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या. किंवा पालथं घालून छातीखाली गुंडाळलेला टॉवेल द्या.
२. बसायला लागलं असेल तर कमरेभोवती गोधडीची वळकटी घोड्याच्या नालेसारखी ठेवा. आधार कमरेला हवा, काखेत नको.
३. दुरडी त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये, कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतरात ठेवा.
४. तुम्ही समोर, थोडं बाजूला जमिनीवरच बसा. खुर्चीवरून किंवा उभ्यानं बघितलं तर लेकराची मान सारखी वर जाते.

तपासा: दोन्ही हात जमिनीवरून उचलून ते एक वस्तू धरू शकतं का? नसेल तर आधार वाढवा. पुढच्या टप्प्याची घाई नको.

## ४. चव, स्पर्श, वजन

इथं तुमचं काम गप्प बसण्याचं आहे, आणि सगळ्यांत अवघड काम तेच.

आठ महिन्यांचं लेकरू वाटी उचलतं तेव्हा काय होतं ते नीट बघा. काठ आधी ओठाला लागतो. जीभ काठावरून फिरते. मग वाटी वळते, तळ वर येतो, आणि डोळे त्या तळावर खिळतात. दुसरा हात येतो. वाटी उजव्या हातातून डाव्या हातात जाते, परत येते. एकदा मांडीवर आपटते, आवाज होत नाही. मग गोधडीच्या बाहेर जमिनीवर: ठण्ण. लेकरू थांबतं, तुमच्याकडे बघतं, पुन्हा आपटतं. एवढं सगळं दीड-दोन मिनिटांत होतं. मध्येच कुणी "अगं बाई, वाटी! वाटी बोल, वाटी!" म्हणालं की ते बोलणाऱ्याकडे वळतं, वाटी हातातून सुटते आणि चाललेलं शिकणं तिथंच थांबतं.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी टोपलीत दोनच वस्तू ठेवा, एक गार आणि कडक, एक मऊ. वस्तू हातात देऊ नका, उचलू द्या. मनात दहापर्यंत मोजा. उचललं नाही तर एक वस्तू तुम्ही हळूच उचला, फिरवा, परत त्याच्याजवळ ठेवा आणि पुन्हा दहा मोजा. लेकरानं तुमच्याकडे बघितलं की हसा, एकच शब्द बोला, "गार", "जड", "मऊ". बघितलं नाही तर बोलू नका.

तोंडात घालणं ही घाण सवय नाही. बोटांपेक्षा जीभ आणि ओठ या वयात जास्त तयार असतात, म्हणून लेकरू वस्तू तिथं नेऊन ओळखतं. वस्तू काढून घ्यायची नसते, स्वच्छ ठेवायची असते. धातू, लाकूड, फणी रोज साबणानं धुवा आणि उन्हात वाळवा. कापड दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात टाका. घोसाळ्याची जाळी पंधरा दिवसांनी बदला, तिचे धागे सुटू लागले तर लगेच. घरात कुणाला हगवण लागली असेल तर धातूच्या वस्तू उकळून घ्या.

ओला खेळ सात-आठ महिन्यांनंतर. परातीत दोन बोटं पाणी, त्यात वाटी आणि कापड. दुसऱ्या आठवड्यात ज्वारीच्या पिठाची उकड: एक वाटी पाण्याला उकळी आणा, एक वाटी पीठ घालून ढवळा, झाकून वाफ काढा, पूर्ण गार झाल्यावर मळा. लिंबाएवढा गोळा पसरट करून द्या आणि शेजारीच बसा. उकड शिजलेली आहे, चाटली तरी बिघडत नाही. मिठाच्या कणकेचे गोळे मात्र या वयात नकोत, त्यातलं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. तूर, हरभरा, वाटाणा पसरून हात घालायला लावणं अंगणवाडीत मोठ्या मुलांसाठी ठीक, तीन वर्षांखाली नाही. हरभऱ्याचा दाणा नाकात गेला की ओलाव्यानं फुगतो आणि तिथंच रुततो.

सावध: परातीत पाणी असताना क्षणभरही उठायचं नाही. दाराशी कुणी आलं तर लेकराला कडेवर घेऊनच जा. चार-पाच सेंमी पाण्यातही लेकरू बुडतं. खेळ संपला की पाणी लगेच ओता.

काही लेकरांना चिकट, ओलं सोसत नाही. ती हात आखडतात, बोटं फाकवतात, रडतात. त्यांचा हात धरून उकडीत दाबू नका. एकदा घाबरलेलं लेकरू पुढचे कित्येक दिवस परात बघितली तरी तोंड फिरवतं. त्यांना चमचा द्या, चमच्यानं उकडीला टोचू द्या. मग कोरडं कापड, मग ओलसर कापड, मग पाणी, आणि चिकट वस्तू सगळ्यांत शेवटी.

## ५. आपटणं, हलवणं, पाडणं

"मी केलं आणि असं झालं" हे कळण्याचा हा काळ. बटणाचं खेळणं इथंच नुकसान करतं: बोट कसंही लागलं तरी तेच गाणं वाजतं. वाटी हळू आपटली तर हळू वाजते, जोरात आपटली तर जोरात. सारवलेल्या जमिनीवर वेगळी, फरशीवर वेगळी.

खुळखुळा घरी करता येतो. पाण्याची २०० मिलीची स्वच्छ, पूर्ण वाळवलेली बाटली घ्या. चौथ्या हिश्शापर्यंत ज्वारी भरा. टोपण घट्ट लावून त्यावर एम-सीलचा थर द्या आणि दिवसभर सुकू द्या. मग वरून जुन्या साडीच्या कापडाची पिशवी दुहेरी शिवणीनं शिवा, तोंड उघडं ठेवू नका. काठोकाठ भरलेला खुळखुळा वाजत नाही आणि जड होतो. ओलसर ज्वारी भरली तर बुरशी येते. दर आठवड्याला शिवण ओढून बघा.

पाडण्याचा खेळ मोठ्यांना त्रासाचा वाटतो. लेकरू चमचा खाली टाकतं, तुम्ही देता, ते पुन्हा टाकतं. ही खोडी नसते. हात सोडला की वस्तू जाते, कुठं जाते, आवाज करते का, कुणी परत देतं का, हे ते बघत असतं. चार-पाच वेळा शांतपणे परत द्या. मग चेंडू द्या, तो आवाज करत नाही आणि घरंगळतो. मग कापड, ते हळू पडतं. तीन वस्तू तीन तऱ्हेनं पडल्या की लेकरू स्वतःच थांबून विचार केल्यासारखं बघतं.

आठ-नऊ महिन्यांपासून लपवणं सुरू करा. चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत कापडाखाली अर्धा ठेवा, अर्धा दिसू द्या. ओढून काढायला लागलं की पूर्ण झाका. पूर्ण झाकलेला चेंडू शोधला की वाटीखाली ठेवा. पहिल्याच दिवशी वाटीखाली ठेवला तर लेकराच्या दृष्टीनं चेंडू संपला, आणि ते दुसरीकडे वळतं.

तपासा: एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू जाते का? दोन वस्तू दोन हातांत धरून लेकरू एकमेकींवर आपटतं का? हे दिसू लागलं की पुढे चला.

## ६. काढणं, मग टाकणं

लोक उलट सुरुवात करतात. "टाक, टाक, यात टाक" म्हणून मागे लागतात. लेकराला काढणं आधी जमतं. टाकायला मूठ सोडावी लागते, आणि ठरवून मूठ सोडणं अवघड असतं.

१. मोठं टोपलं, २५ सेंमी तोंडाचं, त्यात चेंडू, वाटी, करवंटी आणि कापड. त्याला काढू द्या. रिकामं झालं की तुम्ही भरा, गप्पपणे.
२. आठवडाभरानं काढलेली वस्तू त्याच्या हातात असतानाच टोपलं हाताखाली सरकवा. वस्तू आपोआप आत पडेल. आवाजच त्याला सांगतो की काहीतरी झालं.
३. टोपल्याऐवजी १५ सेंमी तोंडाचा गंज, म्हणजे खोल भांडं, ठेवा. स्टीलच्या गंजात चमचा टाकला की खणखणतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा टाकावासा वाटतो.
४. शेवटी रुंद तोंडाचा गडवा. इथं वस्तू नेम धरून, वळवून टाकावी लागते.
५. एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या. आधी दोनच द्या, त्यांच्या आकारात चांगला फरक असलेल्या.

अडकलं तर लगेच हात पुढे करू नका. मोठी वाटी लहान वाटीत घालायचा प्रयत्न दहा वेळा फसतो आणि अकराव्या वेळी लेकरू वाटी बदलतं. त्या दहा वेळा फसण्यातूनच ते शिकतं. ओठ थरथरू लागले, रडायची वेळ आली, तरच मोठी वाटी सरळ करून त्याच्याजवळ सरकवा, आत घालणं त्याच्यावर सोडा.

## ७. खरा वापर

साधारण वर्षाचं झाल्यावर. आता वस्तूला काम मिळतं: फणी केसांना, गडवा तोंडाला, टॉवेल अंगाला, झाडू जमिनीला.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे हे शिकवायला लेकराला वेगळं बसवणं. वापर त्या-त्या वेळीच शिकवा. फणी आंघोळीनंतर, आईची वेणी चालू असताना. चमचा जेवताना. टॉवेल अंग ओलं असताना. रिकाम्या दुपारी गोधडीवर फणी दिली तर ती चावायचीच वस्तू राहते.

पायऱ्या:

१. एका आठवड्यात एकच वस्तू, एकच कृती. गडव्यापासून सुरुवात सोपी, कारण पाणी पिणं त्याला माहीत आहे.
२. सारख्या दोन वस्तू घ्या: एक तुमच्या हातात, एक त्याच्यासमोर. हिसकाहिसकी इथंच मिटते.
३. तुम्ही एकदा करून दाखवा, सावकाश. फणी केसांतून दोनदा. "फणी" एवढंच बोला.
४. थांबा. दहापर्यंत मोजा.
५. काही केलं नाही तर आपल्या केसांना बोट लावून त्याच्याकडे बघा.
६. तरीही नाही, तर त्याच्या कोपराखाली हात देऊन हात थोडा वर उचला. मनगट धरून फणी फिरवू नका. मनगट धरलं की हालचाल तुमची होते आणि लेकरू हात सैल सोडतं.
७. पुढच्या वेळी मदत थोडी कमी करा.

जमलं म्हणजे काय, हेही लोक चुकीचं धरतात. सव्वा वर्षाचं लेकरू फणी उलटी धरतं, दात वर. पाठीकडची बाजू केसांवरून एकदा फिरते, कानावर घसरते, आणि ते तुमच्याकडे बघून हसतं. हे जमलेलं आहे. फणी केसांची, एवढं त्याला कळलं. दात कुठल्या बाजूला, ते पुढच्या महिन्यात कळेल. "अशी नाही, अशी" म्हणून फणी सरळ करून दिली की ते फणी तुमच्याच हातात देऊ लागतं, "तूच कर" म्हणून.

"हे काय आहे?" हा प्रश्न या काळात विचारू नका. ज्याला बोलता येत नाही त्याला प्रश्न विचारला की खेळाची परीक्षा होते. प्रश्नाऐवजी चालू असलेलं सांगा: "फणी. केस विंचरतोय."

स्वतःवर जमलं की दुसऱ्यावर: आधी आईचे केस, आजीचे केस, आबाजींना गडव्यानं पाणी. मग कापडाची बाहुली. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. पोळा झाला की तो माळ्यावर जातो, तसं करू नका. वर्षभर लेकराच्या हाताशी ठेवा. त्याला चारा घालणं, वाटीतून पाणी पाजणं, टॉवेलनं अंग पुसणं, गोठ्यात नेणं, हे सगळं लेकरू घरात रोज बघत असतं, म्हणून त्याला कुणी शिकवावं लागत नाही. बैल देण्याआधी चाकाचा खिळा हलतो का बघा, शिंगाचं टोक आणि सुटा मणी काढून टाका. रंग निघत असेल तर तो बैल तोंडात घालणाऱ्या लेकराला नको. ओढायची दोरी वितीएवढीच ठेवा.

दीड वर्षानंतर दोन कृती जोडा: वाटीत चमचा फिरवायचा आणि बाहुलीला भरवायचं. मग तीन: भरवलं, तोंड पुसलं, झोपवलं. तुम्ही एक कृती करून थांबा, पुढची त्याला सुचू द्या.

सावध: स्वयंपाकाचा खेळ खऱ्या चुलीजवळ नको, विझलेल्या चुलीजवळही नाही. राखेखाली निखारा तासन्‌तास राहतो.

## ८. आई वावरात असताना

कापूस वेचणीच्या आणि निंदणाच्या दिवसांत लेकरू आजीकडे किंवा मोठ्या भावंडाकडे असतं. आजीला सगळे टप्पे सांगत बसू नका. दुरडीत त्या आठवड्याच्या पाच वस्तू भरून द्या आणि दोनच गोष्टी सांगा: तोंडात घातलं तर काढायचं नाही, आणि दुरडीबाहेरचं काही द्यायचं नाही. आठ-दहा वर्षांच्या भावंडावर पाण्याचा, उकडीचा खेळ सोपवू नका. कोरडी टोपली, तीही मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असेल तरच. लेकराला वावरात न्यावंच लागलं तर फवारलेल्या धुऱ्यावरची माती, बोंडं आणि बाटल्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा झाडाखाली चादर टाका. दुरडी सोबत न्या, नाहीतर ते तिथलंच उचलून तोंडात घालतं.

## ९. केव्हा दाखवायचं

लेकरू वस्तूशी कसं खेळतं यावरून त्याची वाढ दिसते, म्हणून हे नीट बघा आणि यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. सहा महिने होऊनही वस्तूकडे हात जात नसेल. नऊ-दहा महिन्यांत हातातून हातात वस्तू जात नसेल. वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ सारखी बंद असेल. दीड वर्षाचं होऊनही गडवा, फणी, चमचा यांतल्या एकाचाही वापर करू बघत नसेल. महिनोन्‌महिने वस्तू फक्त गोल फिरवत किंवा ओळीत लावत असेल आणि हाकेला बघत नसेल. आधी जमत होतं ते बंद झालं असेल तर एक दिवसही थांबू नका. "मुलगे उशिराच शिकतात", "याचा बापही असाच होता", हे ऐकून सहा महिने वाया जातात, आणि उपचाराला हेच महिने सर्वांत उपयोगी असतात.

तोवर खेळ बंद करायचा नाही. वाटी फिरवणाऱ्या लेकराच्या हातातून वाटी काढू नका, दुसरी वाटी घेऊन त्याच्या शेजारी तशीच फिरवा. त्यानं बघितलं की थांबा. मग आपली वाटी एकदा जमिनीवर ठण्ण आपटा. त्यानं तसंच केलं तर दोघांचा खेळ सुरू झाला.

आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात, त्यांना हे आवर्जून सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. ही तपासणी मोफत असते. पथकाची वाट बघण्याइतका वेळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि लेकराची ओळखीची वाटी-फणी सोबत न्या. अनोळखी जागी लेकरू बरेचदा काहीच करून दाखवत नाही, म्हणून घरी एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा: लेकरू दुरडीपुढे बसलेलं, दोन्ही हात दिसतील असं, उजेड समोरून. व्हिडिओत तुमचा हात आणि तुमचा आवाज येऊ देऊ नका.